पहिली कात

कमलबाईच्या घरात कुणी उपाशी निजलं, असं तिच्या नांदण्याच्या सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. म्हैस आटली तरी तिची पेंड चुकत नसे. दारची कुत्री व्याली तेव्हा कमलबाईनं आठ दिवस आपल्या ताटातली अर्धी भाकर ताकात कुस्करून तिच्यापुढं ठेवली होती. निजायच्या आधी दुरडीत एक भाकरी झाकलेली असायचीच. अवचित कुणी आलं तर असावी म्हणून. बहुतेक वेळा कुणी येत नसे, आणि सकाळी ती शिळी भाकरी कमलबाईच चहात बुडवून खाई.

म्हणून लेकीनं, शिवकन्येनं, घरामागच्या खोलीत रेशमाच्या अळ्या वाढवायचं ठरवलं तेव्हा तिनं बाकी काही विचारलं नाही. खातात काय, एवढंच विचारलं.

"तुतीचा पाला," शिवकन्या म्हणाली. "दिवसातून दोनदा."

"दोनदाच?"

"बारीक हायेत माय त्या. पुरतं."

कमलबाईला ते पटलं नव्हतं. पण लेक परभणीला बीएस्सी झालेली होती आणि आपण शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तेव्हा ती गप्प बसली.

शिवकन्येचं काम थोडक्यात सांगायचं तर असं होतं. रेशमाची अंडी आणायची, त्यातून अळ्या काढायच्या, आणि दुसऱ्यांदा कात टाकायला बसेपर्यंत, म्हणजे आठवडाभर, त्या सांभाळून शेतकऱ्यांना द्यायच्या. तिथून पुढं कोष होईपर्यंत शेतकऱ्यानं आपापल्या शेडमध्ये बघायचं. या बाल अळ्यांना सगळे चॉकी म्हणत. हे पहिले दिवस तान्ह्या लेकराच्या दिवसांसारखे. त्यात जे बिघडलं ते पुढं कुणाच्या हातानं सुधारत नाही. पिंगळीच्या आसपासचे शेतकरी चॉकी लांबून टेम्पोनं मागवत आणि वाटेतच तिचं निम्मं मातेरं होई. जवळपास कुणीतरी हे काम करावं असं सगळे म्हणत. करत कुणी नव्हतं.

हे काम ती शिकली पिंगळीच्या कस्तुराबाईकडं. कस्तुराबाई ही त्या भागात रेशीम करणारी पहिली बाई. तिसरी शिकलेली, विधवा, साठीला टेकलेली. कॉलेजात असताना शिवकन्या नवउद्योजकांच्या दोन शिबिरांना बसली होती. तिथं तिला फाइल, पेन आणि प्रमाणपत्र मिळालं. कस्तुराबाईकडं तसलं काही मिळालं नाही. पहिल्याच दिवशी हात न धुता ट्रेमध्ये बोट घातलं म्हणून बोटावर चापट मिळाली. तरी शिवकन्या तीन बॅच तिच्या शेडमध्ये राबली. पाला कापला, विष्ठा काढली, चुना मारला. कस्तुराबाई कमी बोलायची. काय करायचं ते करून दाखवायची आणि आपण जरा बाजूला सरकून उभी राहायची.

चौथ्या बॅचच्या आधी ती म्हणाली होती, "आता इथं येऊ नको. तुझी खोली कर. मला दीडशे अंडीपुंजांची चॉकी तुझ्याकडूनच पाहिजे."

तिच्या शब्दावर आणखी पाच जणांनी दीडशे-दीडशे सांगितले. एका पुंजात चार-पाचशे अंडी, असे नऊशे अंडीपुंज, सहा शेतकरी, एक खोली. पहिली खेप नीट गेली तर शिवकन्येचं बस्तान बसणार होतं. बिघडली तर दुसऱ्यांदा तिच्या दारात कुणी येणार नव्हतं. एका चॉकीवर शेतकऱ्याचा महिना आणि अख्ख्या तुतीचा पाला जातो. तो कुणी पोरीला शिकायला म्हणून देत नाही.

*

नागपंचमीपासून झड लागली होती. नऊ दिवस सूर्य दिसला नव्हता. सोयाबीन पिवळं पडून पाण्यात उभं होतं. अंगावरचे कपडे चुलीपुढं धरल्याशिवाय वाळत नव्हते आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिरल्या होत्या. मुंजाजी, शिवकन्येचा बाप, दिवसातून चारदा बांधावर जाऊन नुसता उभा राहून येई.

खोलीत मात्र सगळं मोजून होतं. भिंतींना चुना, खिडक्यांना जाळी, रॅकच्या पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या. दाराशी वेगळ्या चपला आणि हात बुडवायला जंतुनाशक पाण्याची बादली. काळ्या कागदात गुंडाळलेली अंडी शिवकन्येनं पहाटे उजेडात उघडली, तेव्हा तासाभरात कागदावर काळी रांगोळी सांडल्यासारख्या अळ्या वळवळू लागल्या. कोवळा पाला तिळाएवढा चिरून तिनं वर भुरभुरला. अठरा ट्रे भरले. कमलबाई दारातून बघत होती.

"केवढ्या गं?"

"चार लाख असतील."

"चार लाख." कमलबाईनं पदर तोंडाला लावला. "घरात तर चौघंबी मावत न्हाईत आपल्या."

पुढचे तीन दिवस दोघी मायलेकींचे पाला तोडण्यात आणि चिरण्यात गेले. भिजलेला पाला चालत नाही. म्हणून एकेक पान फडक्यानं टिपायचं, सावलीत पसरायचं, मग चिरायचं. कमलबाईच्या बोटांना विळीची धार चांगली ठाऊक होती. तिच्याइतका एकसारखा पाला शिवकन्येला चिरता येत नसे. रात्री दोघींचे हात हिरवे काळे दिसत आणि कितीही धुतले तरी भाकरीला तुतीचा वास येई.

तिसऱ्या दिवशी सांजेला अळ्या पहिल्या कातीला बसल्या. खाणं थांबलं. माना वर करून सगळ्या जागच्या जागी थिजल्या. शिवकन्येनं चुन्याची भुकटी चाळणीनं वरून धरली, खिडक्या उघडल्या, दार ओढून घेतलं. तिचे डोळे चुरचुरत होते.

"आता कुणी आत जायचं न्हाई," ती आईला म्हणाली. "हात लावायचा न्हाई."

"आन् पाला?"

"न्हाई."

एवढंच बोलून ती आडवी झाली.

*

सकाळी तुतीच्या प्लॉटमध्ये गुडघाभर पाणी साचल्याचं मुंजाजी सांगत आला. बापलेक दोघं खोरं घेऊन अंधुक उजेडात गेले. चर काढून पाण्याला वाट करून देईस्तोवर सात वाजले. शिवकन्या परत आली तेव्हा खोलीचं दार लोटलेलं होतं आणि कमलबाईच्या चपला बाहेर होत्या. आतून ओल्या पाल्याचा वास येत होता.

कमलबाई चौथ्या रॅकपाशी उकिडवी बसली होती. मांडीवर रिकामी पाटी होती. खालच्या कप्प्यांतल्या आठ ट्रेंवर हिरवागार पाला पडला होता. वरच्या दहा ट्रेंपर्यंत तिचा हात पुरला नव्हता.

"तोंड वर करून बसल्यात गं सगळ्या," ती म्हणाली. "चिमणीच्या पिलावानी. रातभर उपाशी."

शिवकन्येनं एका ट्रेमधला पाला चिमटीनं उचलला. खाली काही अळ्या जाग्या होऊन कडेनं कुरतडत होत्या. काही तशाच माना वर केलेल्या, पाल्याखाली दाबलेल्या, ओल्या. हवेत आधीच नको इतका ओलावा होता.

ती काय बोलली ते तिला नंतर नीट आठवलं नाही. एक शब्द आठवला, कारण तो बोलताना बाप दारात आला होता. अडाणी, असं ती आईला म्हणाली होती. कमलबाईनं पाटी उचलली, चपला हातात घेतल्या आणि पावसातून तशीच स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं पीठ थापल्याचा आवाज येऊ लागला.

शिवकन्येनं कस्तुराबाईला फोन लावला.

*

कस्तुराबाई फाट्यापर्यंत ऑटोनं आली आणि पुढचा दीड किलोमीटर चिखल तुडवत. नऊ वाजले होते. तिनं पाय धुतले, डोक्यावरचं पोतं दारावर वाळत टाकलं, पण खोलीत आली नाही. उंबऱ्याबाहेर पाट घेऊन बसली.

"आत या ना मावशी. बघा तरी."

"तू बघ. शंभर मोज."

"काय शंभर?"

"एका ट्रेमधल्या शंभर अळ्या. जाग्या किती, निजलेल्या किती, मेलेल्या किती. मंग दुसऱ्या ट्रेमधल्या शंभर."

शिवकन्येला रडू येत होतं आणि समोरची बाई तिला पाढे म्हणायला लावत होती. पण तिनं पीस घेतलं, काळ्या कागदावर अळ्या सरकवल्या आणि मोजू लागली. पहिल्या ट्रेमध्ये छप्पन जाग्या, अडतीस निजलेल्या, सहा मेलेल्या. दुसऱ्यात थोडं बरं. पाचव्यात वाईट. आठही ट्रे मोजून होईस्तोवर तास गेला. वहीच्या कागदावर तिनं आकडे मांडले आणि उंबऱ्याशी नेऊन वाचून दाखवले.

"आता काय करशील?" कस्तुराबाईनं विचारलं.

"तुमीच सांगा."

कस्तुराबाई लुगड्याचा भिजलेला काठ पिळू लागली.

"मावशी, येळ जायलाय."

"मी सांगितलं तर तू करशील. नीट करशील. आन् पुढच्या खेपेला काही झालं की पुन्हा मला फोन लावशील. मी काय जल्माला पुरनार हाय का तुला?"

शिवकन्या चिडली. चिडून का होईना, तिनं विचार केला. जाग्या अळ्या आणि निजलेल्या अळ्या एकाच ट्रेमध्ये राहिल्या तर जाग्या पुढं जाणार, निजलेल्या तुडवल्या जाणार. तेव्हा त्या वेगळ्या व्हायला हव्यात. हातानं लाखभर अळ्या वेगळ्या होत नाहीत.

"जाळी टाकते," ती म्हणाली. "वरून थोडा पाला. जाग्या वर चढतील. तासाभरानं जाळी उचलून नव्या ट्रेत."

"आन् खाली राहतील त्या?"

"ओला पाला पिसानं काढून टाकते. चुना. पंखा लावून कोरडं. उठल्या तर उद्या सकाळपस्तोर उठतील."

"न्हाई उठल्या तर?"

"खड्ड्यात."

"कर मंग," कस्तुराबाई म्हणाली आणि पदराच्या टोकानं भिजलेले कान पुसू लागली.

*

दुपारपर्यंत शिवकन्या वाकलेलीच होती. जाळी पसरायची, थांबायचं, दोन्ही कडा एकदम धरून उचलायची. एक कडा जरी लवली तरी अळ्या घरंगळत. जाळ्या सहाच होत्या. मुंजाजीनं घरातली जुनी मच्छरदाणी आणून कात्रीपुढं धरली आणि शिवकन्येनं मान हलवली. मच्छरदाणीला कधीकाळी मारलेल्या औषधाचा अंश असला तर होतं तेही जाईल. मग मुंजाजी सायकल मारत पिंगळीला गेला आणि भाजीच्या पोत्यांची नवी जाळी घेऊन, चिखलानं माखून परत आला. ती उकळून, वाळवून कामाला आली.

दोनच्या सुमाराला आठ ट्रेंमधलं जे उठलेलं होतं ते वेगळं झालं. हात धुऊन शिवकन्या उंबऱ्यावर टेकली. तिच्या मानेत कळ भरली होती. मुंजाजी खांबाला पाठ लावून बसला होता. बोलताना तो लेकीकडं न बघता हाताला लागलेला चिखल सोलत होता.

"मला काय वाटतं, वरचे धा ट्रे झकास हायेत. त्यात हे जरा जरा कालवून टाकायचं. समद्यायच्या वाट्याला थोडं थोडं आलं तर कुनाला कळायलंय. पहिल्यांदा नाव तर होऊ दे. पुढच्या खेपेला चोख देऊ."

शिवकन्येला ते वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला ते बरं वाटलं. बाप लबाड नव्हता. बाजारात ज्वारीच्या पोत्यात खाली हलकं आणि वर चांगलं भरणाऱ्यांना त्यानं जन्मभर शिव्या दिल्या होत्या. तिनं कस्तुराबाईकडं पाहिलं. हे चालतं, असं ती एकदा म्हणाली असती तर मोकळं झालं असतं.

कस्तुराबाईनं कनवटीची सुपारी काढली, खाल्ली नाही, तशीच हातात धरली.

"मालक जाऊन वरीस झालं तवा मी पहिली चॉकी घेतली," ती म्हणाली. "कुठून घेतली ते जाऊ द्या. देनारानं हसून दिली. अर्ध्या अळ्या खायच्या, अर्ध्या निजायच्या. रोज तेच. शेवटाला दोन पाट्या भरल्या न्हाईत कोषांच्या. दुसऱ्या खेपेला तिथूनच आनली, तसंच झालं. गावातल्या बाया म्हनायल्या, हिचा हात लागला की जितं राहत न्हाई. मालकाचं बी तसंच झालं, म्हनायल्या."

मुंजाजीचा हात थांबला.

"मलाबी खरंच वाटलं. जावेला तवाच पोरगा झाला व्हता. वरीसभर मी त्याला उचलून घेतलं न्हाई. रडायला लागलं तरी न्हाई. जाऊ म्हनायची, बाई, घ्या की. मी म्हनायची, माझ्या हाताला चुना लागलाय."

पागोळ्या वाजत होत्या. आत पंखा फिरत होता.

"तिसऱ्या खेपेला दुसरीकडून चॉकी आनली आन् कोष झाले. तवा कळलं, हात न्हाई, मालच मागंफुडं व्हता. त्यानं एक बोल बोलला असता, बाई, हे कालवलेलं हाय, एवढं सांभाळ, तर माझं ते वरीस तसं गेलं नसतं." तिनं सुपारी पुन्हा कनवटीला लावली. "तुमच्या लेकीचा माल हाय, दादा. मी काय सांगनार."

मुंजाजी उठला. म्हशीला पाणी दाखवायचं राहिलंय म्हणाला आणि भर पावसात गोठ्याकडं गेला. म्हशीला पाणी दाखवून तासही झाला नव्हता.

*

कमलबाई ताटं घेऊन आली तेव्हा तिनं कस्तुराबाईपुढं एक ठेवलं, लेकीपुढं दुसरं, आणि मान खाली घालून परत फिरली.

"तू जेवलीस का?" कस्तुराबाईनं तिला विचारलं.

"जेवते की मागून."

ती गेल्यावर कस्तुराबाईनं भाकरी मोडली. "सकाळी काय बोललीस आईला?"

शिवकन्या ताटातलं कालवण बोटानं ढवळू लागली.

"आन् राती काय सांगितलं व्हतंस?"

"हात लावू नको म्हनून."

"कामून लावू नको, ते?"

शिवकन्येनं घास तोंडाशी नेला आणि तसाच धरला.

"मीबी तुला तसंच शिकवलं," कस्तुराबाई म्हणाली. "बोटावर मारलं. मला तरी कुठं ठाऊक व्हतं कात टाकताना पाला कामून टाकायचा न्हाई ते. टाकला की मरतात, एवढंच ठाऊक. तूच ते भिंग आनलंस कॉलेजातलं आन् मला दाखवलंस. चाळीस-पन्नास बॅच काढल्यावर मी पहिल्यांदा पाहिलं, त्या अळीचं काय चाललेलं असतं ते." तिनं कालवणात भाकरी बुडवली. "मला दाखवलंस. तिला न्हाई दाखवलं."

शिवकन्येनं ताट बाजूला सारलं. कस्तुराबाईनं तिला अडवलं नाही.

भिंग पेटीत होतं. स्वयंपाकघरात कमलबाई चुलीपुढं बसली होती. दुरडीत भाकऱ्या होत्या आणि तिच्यापुढं ताट नव्हतं. शिवकन्येनं काळ्या कागदाच्या तुकड्यावर एक निजलेली अळी आणली होती. मोबाइलचा उजेड तिच्यावर धरला आणि भिंग आईच्या हातात दिलं.

कमलबाईला आधी नुसतं पांढरं दिसलं. मग भिंग पुढंमागं करता करता ती थांबली.

"हिच्या तोंडावर काय बसलंय? काळा मनी हाय का?"

"ते जुनं डोकं हाय, माय. टोपीवानी निघतं. खाली नवं डोकं आलंय, ते अजून कवळं हाय. जुन्या तोंडानं खाता येत न्हाई, नव्यानं अजून जमत न्हाई. भूकच नसती तिला तवा."

"मंग मान वर कामून?"

"अंगावरची कात सुटायची असती. कोरडं पाहिजे आन् हलवायचं न्हाई. पाला पडला की ती दबून जाती, कात अडकती."

कमलबाई बघत राहिली. चुलीतलं लाकूड बाहेर येऊन धुमसत होतं, तेही तिनं आत सारलं नाही.

"बाळंत व्हायली व्हती म्हन की," ती शेवटी म्हणाली. "आन् मी तिच्या तोंडात घास कोंबला."

"मी सांगायला पाहिजे व्हतं, माय."

कमलबाईनं भिंग परत दिलं नाही. पदरानं पुसून पुन्हा डोळ्याला लावलं. "उठती का बघू दे," म्हणाली.

अळी संध्याकाळी उठली. कमलबाई तिच्याजवळून हलली नव्हती, आणि अळी उठल्यावरच तिनं ताट वाढून घेतलं.

*

दिवेलागणीच्या आत शिवकन्येला सहाही घरांना कळवायचं होतं. पाच फोन करायचे होते. सहावी कस्तुराबाई तिथंच बसली होती आणि ऑटोची वाट बघत असल्यासारखी दुसरीकडं तोंड करून होती. काय बोलायचं ते शिवकन्येनं कागदावर लिहिलं, मग कागद उलटा ठेवून बोलली. आठ ट्रेंमध्ये चूक झाली. चूक माझ्या घरात झाली. दहा ट्रे चोख आहेत. बाकीच्यातलं जे वाचेल ते एक दिवस मागं असेल आणि ते वेगळं देईन, कालवणार नाही. दीडशेच्या जागी कमी मिळेल.

पहिला फोन गोपाळला. त्यानं ऐकून घेतलं आणि किती कमी, एवढंच विचारलं. दोघांनी घरात विचारून सांगतो म्हणून फोन ठेवला आणि अर्ध्या तासानं होकार कळवला. चौथ्यानं, बरं झालं आधी सांगितलंस, पाला तेवढाच तोडतो, असं म्हटलं.

पाचवा सटवाजी. त्यानं शेड धुऊन तयार ठेवली होती.

"मी कस्तुराबाईच्या तोंडाकडं बघून तुला सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "पोरीसोरीच्या हातात धंदा दिला की असंच व्हनार. मला एक ट्रे नको तुझा. आन् पुढच्या खेपेलाबी इचारू नको."

फोनचा आवाज मोठा होता. सगळ्यांना ऐकू गेलं. शिवकन्येनं बरं काका म्हटलं आणि फोन ठेवला. कस्तुराबाई उठली, पोतं डोक्यावर घेतलं. सटवाजीबद्दल ती काही बोलली नाही. फाट्याच्या वाटेला लागता लागता वळून म्हणाली, "चुना ओला झालाय तुझा. उद्या चाळून घे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी निजलेल्यांतल्या ज्या उठायच्या त्या उठल्या. उरलेल्या शिवकन्येनं पाटीत भरल्या आणि गोठ्यामागं खड्डा काढून चुन्यासकट पुरल्या. दोनशे पुंजांच्या अळ्या गेल्या होत्या. कमलबाई शेजारी उभी होती. माती लोटून झाल्यावर तिनं तांब्यातलं पाणी वर ओतलं, माणसाच्या मातीवर ओततात तसं, आणि कुणाला काही न सांगता पाला टिपायला गेली.

पुढचे दिवस पुन्हा विळी, फडकं, पाटी. मागं पडलेल्या अळ्यांच्या ट्रेंना कमलबाईनं लाल दोरा बांधला. दर पाल्याच्या वेळी शिवकन्या शंभर मोजी आणि वहीत लिही. आकडे हळूहळू सारखे होत गेले. चोख ट्रेंमध्ये पंचाण्णव, शहाण्णव. लाल दोऱ्याच्या ट्रेंमध्ये अठ्ठ्याऐंशी, मग नव्वद. दुसरी कात लागायच्या संध्याकाळी कमलबाईनं खोलीच्या दारापुढं पोतं अंथरलं आणि तिथंच ज्वारी निवडत बसली. मुंजाजी पाल्याची पाटी घेऊन येताना दिसला तशी तिनं नुसता हात आडवा केला. तो मुकाट्यानं मागं फिरला.

वाटपाच्या दिवशी पाऊस थांबला नव्हता, पण ओसरला होता. सकाळच्या गारव्यात पाच जण आले. प्रत्येकाला शंभर चोख, आणि चाळीस लाल दोऱ्याच्या. शिवकन्येनं प्रत्येकाला दोन्ही ट्रे वेगवेगळे दाखवले, वहीतले आकडे दाखवले. एकानं वही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "आमाला आजवर टेम्पोवाल्यानं कधी वही दाखवली न्हाई." एवढंच. ते चांगलं म्हणून म्हणाला की वाईट म्हणून, ते तिला कळलं नाही.

कस्तुराबाई सगळ्यांत मागं उभी होती. तिची पाळी आली तेव्हा तिनं हात बुडवले, कनवटीतून स्वतःचं पीस काढलं आणि काळ्या कागदावर शंभर अळ्या सरकवून मोजल्या. मग लाल दोऱ्याच्या शंभर.

"चोखमधल्या पंचाण्णव बसल्यात कातीला," कस्तुराबाई म्हणाली. "तुझ्या वहीत शहाण्णव हाय."

"एखादी इकडंतिकडं व्हती, मावशी."

"व्हती." तिनं ट्रे उचलून डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवला. "पुढची बॅच कवा?"

"पोळा झाला की."

"दीडशे लिही माझे."

ती गेली. शिवकन्येनं वही उघडली आणि लिहिलं.

शेवटी गोपाळ राहिला होता. त्याच्यासोबत त्याची आई कडूबाई आली होती. यंदापासून शेडमधलं काम तीच बघणार होती. गोपाळ गाडीवर ट्रे बांधत होता आणि कडूबाई ताडपत्री वर करून आत डोकावत होती. लाल दोऱ्याच्या ट्रेमधल्या अळ्या अजून खात होत्या. कान दिला तर बारीक कुरकुर ऐकू येत होती. शेजारच्या चोख ट्रेमध्ये सगळ्या माना वर करून थिजलेल्या.

"बाई बाई," कडूबाई हळूच म्हणाली, "ह्या बघा कशा खायल्यात आन् ह्या कशा उपाशी बसल्यात. घरी गेल्या गेल्या टाकते गं ह्यांना मूठभर पाला."

शिवकन्येनं तोंड उघडलं. पण तिच्या आधी कमलबाई पुढं झाली. तिनं कडूबाईच्या हाताला धरून तिला खोलीच्या दारात, उजेडाला, नेलं आणि कमरेच्या पिशवीतून भिंग काढलं.

"कडूमावशी, हितं बसा," ती म्हणाली. "गोपाळ, जरा थांब रे बाबा. घाई करू नको. बसा मावशी. डोळ्याला लावा. पहिल्यांदा नुसतं पांढरं दिसल. दिसू द्या. मंग दिसतंय."